शेवटच्या बेअरिंगचा दाब

‘ऑइलचा दाब कमी झाल्याची स्पष्ट सूचना मिळूनही चालकाने वाहन थांबवले नाही, इंजिन जाम होऊन घडलेला अपघात ही त्याच्या दुर्लक्षाची अटळ परिणती होय.’

चौकशी अहवालाच्या अकराव्या पानावरचे हे वाक्य तीन गोष्टी गृहीत धरते. सूचना मिळाली होती, ही पहिली. ती चालकापर्यंत पोहोचली होती, ही दुसरी. आणि तो थांबला असता तर अपघात टळला असता, ही तिसरी. पहिलीचा पुरावा म्हणून छायाचित्र क्रमांक सात जोडले आहे. त्यात डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लखलखीत पेटलेला दिसतो. छायाचित्राखाली तारीख आहे, आणि ती अपघातानंतर तिसऱ्या दिवसाची आहे. म्हणजे सर्वेक्षक महोदय ट्रेलरच्या चेपलेल्या केबिनमध्ये चढले, त्यांनी चावी फिरवली आणि दिवा लागला. इंजिन बंद असताना चावी फिरवली की तो दिवा लागतोच. धडधाकट गाडीचाही लागतो, रोज सकाळी लागतो, आणि इंजिन सुरू होऊन तेलाला दाब आला की विझतो. मृताच्या छातीला कान लावून, ठोके ऐकू येत नाहीत सबब हा मनुष्य निष्काळजीपणे जगला, असा निष्कर्ष काढण्यासारखाच हा प्रकार. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा इस्पितळात घेतलेल्या जबाबातला एका ओळीचा होकार आहे. तिसरीला पुरावा दिलेला नाही, कारण ‘अटळ’ या शब्दाने ती जबाबदारी उरकली आहे. अपघाताच्या चाळीस दिवस आधी या इंजिनात मोठे फेरफार झाले होते. त्यावर अहवाल एक वाक्य खर्च करतो: ‘आवश्यक ते काम अनुभवी कारागिराकडून करून घेतलेले आढळले.’ सत्तावीस पानांत त्या कारागिराला एकही प्रश्न विचारलेला नाही.

एवढे सगळे माझ्या ध्यानात पहिल्याच वाचनात आले असे मी म्हणणार नाही. पहिल्या वाचनात मी ते वाक्य मोठ्याने वाचत होते आणि समोर कमळाबाई बसल्या होत्या. त्या जासईहून दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. सोफ्यावर बसायचे नाकारून त्यांनी स्वयंपाकघरातले स्टूल ओढून घेतले होते आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरली होती. अहवाल त्यातूनच निघाला होता. शिवा, त्यांचा मुलगा, एकोणीस वर्षे ट्रेलर चालवतो. खोपोलीच्या वरच्या चढावर भरलेला कंटेनर घेऊन जाताना इंजिन जाम झाले, ट्रेलर मागे सरकून आडवा झाला आणि केबिन दगडी कठड्यात घुसली. शिवाच्या डाव्या पायात आता तीन सळ्या आहेत. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी क्लच दाबता येईल. पण सोमवारी सुनावणी होती, आणि हा अहवाल जसाच्या तसा मान्य झाला तर दाबायला क्लच उरणार नव्हता, कारण अवजड वाहनाचा परवाना रद्द होणार होता. कमळाबाई माझ्याकडे आल्या त्या मी काशिराम फिटरची मुलगी म्हणून. मी तीस वर्षे विद्यापीठात पाठचिकित्सा शिकवली, एकाच ग्रंथाच्या सात पोथ्या समोर ठेवून कुठला शब्द कुठल्या लेखनिकाच्या हातून घुसला ते सांगत आले, ही गोष्ट त्यांच्या लेखी दुय्यम होती, आणि ते योग्यच होते. ‘यान काय लिवलंय ते वाचून दाखव बाय,’ त्या म्हणाल्या. मी वाचू लागले. सरकारी मराठी मोठ्याने वाचणे हा जिभेला व्यायाम असतो. मी ठेचकाळत दहा पाने पार केली. अकराव्यावर ते वाक्य आले आणि माझा आवाज, मला स्वतःला ऐकू येईल इतका, सुरळीत झाला.

ते वाक्य माझे होते.

पाच आठवड्यांपूर्वीच्या एका सकाळी शैलेशचा मोबाइलवर निरोप आला होता. शैलेश माझा धाकटा भाऊ. उरण नाक्याजवळ वडिलांचे ट्रक दुरुस्तीचे गॅरेज आहे, ते तो चालवतो. ‘ताई, एक निवेदन द्यायचंय, जरा भाषा बघ ना. तू प्रोफेसर.’ खाली दहा-बारा ओळी होत्या, हिंदी-इंग्रजी कालवलेल्या. त्यातली एक अशी होती: ‘ड्रायव्हरने वॉर्निंग येऊन पण गाडी थांबवली नाही म्हणून इंजिन सीज झाले.’ चहा गार होण्याच्या आत मी तिचे वर लिहिलेले वाक्य केले. ‘अटळ परिणती’ हा माझाच दागिना. कोण ड्रायव्हर, कसली वॉर्निंग, हे विचारण्याचे मला सुचले नाही. अशुद्ध मजकूर दिसला की तो शुद्ध करायचा, एवढाच प्रतिक्षेप उरला होता. चौकशी समितीने गॅरेजच्या निवेदनातून ते उचलून अहवालात ठेवले, एका अक्षराचाही फरक न करता. हयातभर मी लेखनिकांच्या ज्या प्रमादावर व्याख्याने दिली, तोच हा. सुंदर दिसले म्हणून उतरून घेतलेले वाक्य.

‘अटल परिणती म्हंजे काय?’ कमळाबाईंनी विचारले.

‘म्हणजे... होणारच होतं ते झालं.’

‘म्हंजे माज्या पोरानं केलं.’

‘असं लिहिलंय.’

‘कुणी लिवलं?’

‘समितीने,’ मी म्हणाले. आणि मी पान उलटले.

दुसऱ्या दिवशी मी जासईला गेले. शिवाचे घर कंटेनर यार्डाच्या कुंपणाला लागून आहे. दर दोन मिनिटांनी एक ट्रेलर वळतो तेव्हा भांड्यांच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागतात आणि घरातले कुणी वर बघत नाही. शिवा कॉटवर उशीला टेकून बसला होता. गाडीचा आवाज आला की बोलता बोलता तो नकळत सांगे, हिचा दुसरा गिअर जातोय, हिचा टर्बो शिट्टी मारतोय. मी विचारले, दिवा पाहिला होतास का. तो हसला. ‘साहेबानं बी हेच इचारलं. मी बोललो, बगतो ना, रोज बगतो. सकाली चावी फिरवली का पयला तोच बगतो. त्यानं रोज नाय लिवलं, निस्तं बगतो लिवलं.’ आणि चढावर? ‘चढाव काटा चारावर उबा, पोलिसासारका. पानी बी बरोबर. मंग खालून ठोका आयला, कुणी हातोडा मारल्यावानी. मी रेस सोडली, तवर दुसरा ठोका, आन् खेळ खलास.’ मग म्हणाला, ‘थांबाचं तं कुनाला इचारून थांबू बाय? काटा बोलतो, चाल.’ कमळाबाई दारातून म्हणाल्या, ‘लायसन गेलं तं काय करनार हाय हा? मिठागर व्हतं ते यार्डात गेलं. माज्यासंगती बसून वाल सोलल?’ शिवा म्हणाला, ‘सोलतो की. वालाला रिव्हर्स मारावं लागत नाय.’ दोघेही हसले, आणि ते हसणे माझ्या अंगावर आले.

दाब चार होता आणि इंजिन तेलावाचून मेले, ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात हा प्रश्न घेऊन मी परतले. खरे सांगायचे तर कोन गावचा फाटा येईपर्यंत मला उत्तर ठाऊक झाले होते, आणि ते कुठल्या पुस्तकातले नव्हते. माझे बालपण त्या गॅरेजच्या माळ्यावर गेले. रॉकेलने भरलेले घमेले, त्यात बुडवलेले, इंजिनभर तेल फिरवणाऱ्या पंपाचे दोन गिअर एकमेकांत दात अडकवून निजलेले, गिअर आणि खोळ यांच्यामधली फट मोजायच्या पोलादी पात्या, त्यांचा बोटांना लागणारा गारवा. नऊ-दहा वर्षांची असताना ती फट मी वडिलांपेक्षा अचूक मोजत असे, कारण माझी बोटे बारीक होती. शैलेश तेव्हा चहाच्या किटल्या आणायचा. कुणी ट्रकच्या इंजिनाची ताकद वाढवायला आला की वडील आधी पंपाचे बोलत. गिऱ्हाईक टर्बोचे बोलू पाही, डिझेल वाढवण्याचे बोलू पाही. वडील विचारत, पंगतीला पानं किती? ताकद वाढली की उष्णता वाढते, मग पिस्टनच्या बुडाला तेलाची पिचकारी लागते, ती सहा सिलिंडरांची सहा पाने. मोठा टर्बो, ते एक जाड जेवणारे पान. बेअरिंगमधली फट थोडी सैल ठेवावी लागते, म्हणजे आधीची सगळी पानेही जास्त जेवणार. ‘पानं मोज, मग टोप चढव,’ ते म्हणत. जुनाच पंप ठेवलास तर पहिल्या ओळीतले पोटभर जेवतील आणि शेवटचा उपाशी उठेल. म्हणून दाबाचा सेन्सर ते नेहमी तेलाच्या वाटेच्या शेवटी बसवत, पंपापासून सर्वांत दूर, शेवटच्या बेअरिंगजवळ. पहिल्या पानाला जेवण कसे झाले विचारण्यात अर्थ नाही, शेवटच्याला विचार. आणि विचारायचे तेही इंजिन तापल्यावर, माल भरून एक चढ चढून आल्यावर, गाडी उभी करून मंद चालवताना. गार तेल मधासारखे दाट असते, त्यावर कुठलाही पंप शूर दिसतो. हे सगळे वडिलांनी मला शिकवले, आणि मग एक दिवस, पोर हुशार आहे म्हणून, मला पुण्याला पाठवून दिले. ज्ञान माझ्याकडे आले आणि गॅरेज शैलेशकडे गेले. या वाटणीला आमच्या घरात कुणी कधी अन्याय म्हटले नाही. ज्याच्यावर तो झाला तो कोण, हेही ठरले नाही.

‘ताई! आज विद्यापीठ रस्त्यावर?’ मला गॅरेजच्या दारात पाहून शैलेश म्हणाला. तो एका केबिनखालून सरपटत बाहेर आला होता आणि पुसता पुसता हात आणखी काळे करत होता. ‘चहा सांगू का? की तुला ते गवताचं पाणी लागतं हल्ली?’

‘शिवाचं इंजिन कुठे आहे?’

‘शिवाचं नाही, परेशशेठचं,’ तो म्हणाला. चेहरा तोच होता, फक्त पुसणे थांबले होते.

परेश हा ट्रेलरचा मालक. इंजिन ताडपत्रीखाली होते. ब्लॉकच्या कुशीत मूठ जाईल एवढे भगदाड पडले होते. शेवटच्या सिलिंडरचा रॉड तिथून बाहेर आला होता. शेवटच्याच. मी चष्मा लावून वाकले, कुठल्याही पोथीवर वाकते तशी, आणि तेलाच्या वाटेच्या टोकाशी बोट नेले. सेन्सरच्या जागी पितळेचे नवे बूच होते. जुन्या काळ्या बिडावर ते सोन्याच्या दातासारखे चमकत होते. सेन्सर दुसऱ्या टोकाला होता, पंपाच्या शेजारी, फिल्टरच्या बैठकीवर. पहिल्या पानाला.

‘पंप कुठला ठेवलास?’

‘होता तोच. गिअर एकदम फर्स्ट क्लास होते. झीज नाही काही.’

‘पानं मोजलीस?’

 मागे कुणीतरी हवा भरत होते तो आवाज थांबला. ‘मोजली,’ तो म्हणाला. ‘तुला काय वाटतं, मला येत नाही? रुंद गिअरचा पंप पाहिजे होता. पण तो दीड इंच खाली उतरतो ताई, खालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाला टेकतो. मग चेंबर कापा, खोल करा, वेल्डिंग मारा, जाळीचा पाइप नवीन वाकवा. दोन दिवस पकडून चल. आणि परेशशेठ डिलिव्हरीचा मुहूर्त काढून बसलेले. गुरुवार सकाळ, पावणेनऊ. भटजी, हार, पेढे, सासुरवाडीची माणसं, सगळी फौज.’

‘म्हणजे गार इंजिनावर.’

‘मुहूर्त गार इंजिनावरच असतो.’

या उत्तरावर मला हसू आले असते, एरवी. ‘आणि तू गरम करून पाहिलंस की नाही?’

‘बुधवारी पळस्प्याच्या पुढे ट्राय घेतली. आल्यावर काटा बसला. पार दीडवर.’ त्याने तळहात हळूहळू खाली आणून दाखवला, दमलेल्या जनावराने मान टाकावी तसा. ‘असा काटा बघून कोण डिलिव्हरी घेईल?’

‘म्हणून काट्याची जागा बदललीस.’

‘सगळे बदलतात गं. अर्ध्या पनवेलच्या गाड्यांचा सेन्सर फिल्टरवर आहे. चालतात ना? मी म्हटलं, गुरुवारचा नारळ फुटू दे, महिन्याने पहिल्या सर्व्हिसला आली की गुपचूप पंप बदलून टाकतो. शेठ सर्व्हिसला पाठवेना. फोन केले मी, चार वेळा. सीझन आहे म्हणाला.’

चार वेळा. मी तो आकडा मनात उलटासुलटा करून पाहिला. एखाद्या लेखनिकाने समासात बारीक अक्षरात केलेली दुरुस्ती असावी, आणि मूळ पाठ तसाच पुढे गेलेला असावा, तसे ते होते. माझा संताप थंड असतो, याचा मला एकेकाळी अभिमान होता. त्या थंडपणाने मी म्हणाले, ‘सोमवारी शिवाचा परवाना जाणार आहे. तू जाऊन हे सांग.’

‘आणि बोर्डवर बाबांचं नाव आहे त्याचं काय? उद्यापासून एक गाडी आत येणार नाही.’

‘मी जाणार आहे. ते वाक्य माझं आहे, हे सांगायला.’

‘जा की,’ तो म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. ‘तुझं काय जाणार आहे? पेन्शन चालू राहील. चार महिन्यांतून एकदा येतेस, शुद्ध मराठीत बोलतेस आणि जातेस. त्या वेळी वाचलं होतंस ना तू? ड्रायव्हर कोण, विचारलंस एकदा तरी? मी वाट बघत होतो, ताई विचारेल. विचारशील म्हणूनच तुला पाठवलं असेल, काय माहीत. तू स्माइली पाठवलीस.’

 

सोमवारी सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर कमळाबाई होत्या, शेजारी चाकांच्या खुर्चीत शिवा, इस्त्रीच्या शर्टात. मी आधी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हणाले, ‘कमळाबाई, तुम्ही विचारलंत कुणी लिहिलं. मी खोटं सांगितलं. ते वाक्य मी लिहिलं होतं.’  ‘माज्या ध्यानात आयलं व्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘सगलं अडकत अडकत वाचलंस. तेवडं एकच पाठ असल्यावानी वाचलंस.’ त्यात राग नव्हता. राग असता तर मला तो परवडला असता.

आत समितीचे पाच सदस्य होते आणि पंखा एकाच बाजूला वारा घालत होता. मी वीस मिनिटे बोलले. छायाचित्र क्रमांक सात, त्याखालची तारीख, ‘रोज’ हा गाळलेला शब्द, गॅरेजचे निवेदन आणि अहवाल यांतली शब्दशः एकता, पितळेचे बूच, फिल्टरच्या बैठकीवरचा सेन्सर. माझ्या आयुष्यातले ते बहुधा सर्वांत नेटके व्याख्यान असेल. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, त्यांनी मधे एकदाही अडवले नाही. शेवटी विचारले, ‘मॅडम, आपण तांत्रिक व्यक्ती आहात का?’ मी म्हणाले, नाही. ‘इंजिन आपण उघडलेत?’ नाही. ‘मग आपले म्हणणे आम्ही आदरपूर्वक ऐकले, पण मत म्हणून नोंदवता येणार नाही. भाषा आपली असली तरी वस्तुस्थिती गॅरेजची आहे, आणि गॅरेजने ती मागे घेतलेली नाही.’ हे तर्कदृष्ट्या निर्दोष होते. मी शिवाकडे पाहिले. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

तेवढ्यात मागचे दार उघडले. शैलेश केव्हापासून बाहेर उभा होता मला माहीत नाही. त्याने नखांतून काळे जाईपर्यंत हात घासले होते आणि त्यामुळे ते हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. ‘काशिराम फिटरच्या गॅरेजचा मी मालक,’ तो म्हणाला, ‘निवेदन मागे घ्यायचंय. दुसरं तोंडी देतो, लिहून घ्या.’ अध्यक्षांनी बसायला सांगितले. तो बसला नाही. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. टंकलेखक मान खाली घालून बडवत राहिला. त्या कार्यवृत्ताची प्रत मी मागून घेतली आहे. शिवाचा परवाना कायम राहिला आहे, आणि गॅरेजच्या शटरला तीन आठवड्यांपासून कुलूप आहे. शैलेशचे निवेदन खाली उतरवते आहे, त्यात माझ्या हाताचे काहीही नाही.

‘पंप मी निवडला. छोटा पडणार हे मला माहीत होतं. गरम केल्यावर काटा बसला ते मी डोळ्यांनी बघितलं, शेठना नाही दाखवलं. सेन्सर मी काढून पंपाजवळ लावला, तिथं काटा नेहमी चांगला दिसतो. लाल दिव्याची वायर पण तिथेच घेतली, म्हणून तो दिवा लागला नसणार, लागूच शकत नाही. गुरुवारी नारळ फोडून झाल्यावर शिवा खाली वाकला होता, त्याने विचारलं, शैलेशशेठ, ही वायर इकडं कशी आली. बाकी कोणी विचारलं नाही, त्याने एकट्याने विचारलं. चार माणसं उभी होती, मी त्याला हसून बोललो, तू इंजिन नको बघू, तू रस्ता बघ. तो रस्ताच बघत होता, साहेब.’